हार्लन होम्सच्या यादीतलं नाव

हार्लन होम्स, घर क्रमांक २०४
९ सप्टेंबर २०१७

लॅमर,

पाकिटावर माझं अक्षर दिसलं असतं तर तू पत्र न फोडताच कचऱ्यात टाकलं असतंस, म्हणून पत्ता डार्नेटाकडून लिहून घेतला. ती तुझी लाडकी मावसबहीण. तेव्हा फसवून का होईना, उघडलंस. आता उघडलंच आहेस तर वाच. आई गेल्यापासून आठ वर्षांत मी तुझ्याकडे काही मागितलेलं नाही, आजही मागत नाही. नुसती बातमी द्यायची आहे.

आपली हार्लन होम्स वसाहत विकली जाणार, अशी अख्ख्या केल्बर्न गावात बोंब आहे. खरं तसं नाही, पण खरं काय ते समजायला मला तीन आठवडे लागले. आजवर सरकार आपलं घरमालक होतं आणि मालकासारखंच वागत होतं, म्हणजे छप्पर गळलं की बादली आणून द्यायचं. वॉशिंग्टनहून दरवर्षी जे तुटपुंजं यायचं, त्यात एक तर बॉयलर दुरुस्त व्हायचा नाही तर जिना. आता सरकार म्हणतं, आम्ही मालकी सोडतो, पण वीस वर्षांचा लेखी करार करतो. भाडेकरूने आपल्या कमाईचा तिसरा हिस्सा भरावा, वरचं भाडं आम्ही भरू. वीस वर्षं भाडं येणार अशी हमी दिसली की बँक कर्ज देते आणि खाजगी कंपनी पैसे घालते. त्यातून नवे पाइप, नव्या खिडक्या, नवे जिने. आम्ही चार-पाच महिने दुसरीकडे राहायचं आणि काम झालं की परत यायचं.

'परत यायचं' म्हटलं की इथल्या बायका एकमेकींकडे बघतात. तू शाळेत होतास तेव्हा विलो स्ट्रीटवरची घरं पाडली, त्यांनाही परत यायचंच होतं. आज तिथे गाड्या उभ्या करतात.

म्हणून मिस ऑर्थेलिया गेन्सने कराराचा सगळा मसुदा मागून घेतला. आठवते ना, १०१ मधली, गाड्यांच्या सीटा शिवायच्या कारखान्यात एकतीस वर्षं काढलेली, युनियनवाली? आता सत्त्याहत्तर वर्षांची आहे आणि भाडेकरू संघाची अध्यक्ष आहे. दोनशे अठरा पानं. सरकारी घरांच्या ऑफिसातल्या मिसेस डॉब्रिक म्हणाल्या, "सारांश देते ना मी, दोन पानांचा." तर ही म्हणाली, "बाई, सारांश हा ज्याने काढला त्याच्या सोयीचा असतो. मला अख्खं द्या."

आणि ती ते अख्खं वाचते, मोठ्याने. दर मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी सहाला, खाली धुलाईच्या खोलीत, कारण तिथे सगळ्यांना यावंच लागतं. वाचन सुरू झालं की कपडे वाळवायची यंत्रं बंद. परवा शाँडा ओरडली, "मिस ऑर्थेलिया, माझे टॉवेल ओले आहेत हो!" ही चष्म्यावरून बघत म्हणाली, "टॉवेल वाळतील गं. घर गेलं तर वाळत घालशील कुठे?" पुढे वाचायला सुरुवात. प्रत्येक वाक्यानंतर थांबते आणि कुणाला तरी विचारते, "काय कळलं, सांग." सांगता नाही आलं की पुन्हा तेच वाक्य. एकदा एका वाक्याला चाळीस मिनिटं लागली. मी ओले कपडे घेऊन घरी आले आणि खुर्च्यांवर वाळत घातले.

तिचं माझं पटत नाही हे तुला माहीत नसेल. आईच्या अंत्यविधीनंतरच्या जेवणात तिने माझ्या बटाट्याच्या सॅलडला नावं ठेवली, तेव्हापासून. पण बाई खमकी आहे, ते मान्य करावंच लागतं.

तुझी बहीण,
व्हर्नेल

२९ सप्टेंबर

लॅमर,

तुझं उत्तर नाही. असू दे. डार्नेटा म्हणाली की पाकीट परत आलेलं नाही, तेव्हा मी लिहीत राहीन.

मंगळवारी नववं प्रकरण आलं. मिस ऑर्थेलियाने वाचलं, "परत येण्याचा हक्क भाडेकरारावर ज्यांची नावं आहेत त्यांना राहील." आणि थांबली. या वेळी तिने कुणालाच विचारलं नाही, काय कळलं म्हणून. सगळ्यांना कळलं होतं. खोलीत तीसेक माणसं होती. जो तो मनात आपल्या घरातली माणसं मोजत होता, कागदावरची वेगळी आणि जेवायला बसणारी वेगळी.

तुला इथली रीत काय सांगू! घरात कमावता माणूस दाखवला की भाडं वाढतं, तुरुंगात जाऊन आलेला दाखवला की घर जातं. म्हणून नवरे, मुलं, कुणाचे म्हातारे वडील, सगळे वर्षानुवर्षं कागदाबाहेर. मिस ऑर्थेलियाचे मिस्टर कर्टिसच बघ. बावीस वर्षं तिच्या घरात राहतात. तपासणीच्या दिवशी सकाळी सात वाजता जेवणाचा डबा घेऊन मागच्या दाराने बाहेर पडतात. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, डबा अजून नेतात. वर आम्हालाच विचारतात, "कसं काय, मी इथला वाटतो का?"

दुसरं वाक्य त्याहून वाईट निघालं. बंदीची यादी आहे तशी नव्या कंपनीकडे जाणार. फाटकावरच्या पहारेकऱ्याच्या टपरीत ती अजून चिकटवलेली आहे. एकसष्ट नावं, या आवारात पाय ठेवला तर पोलीस. तुझं सतरावं. तुझं नाव तिथे कसं गेलं ते तुला ठाऊक आहे. तो विषय आज नको.

गुरुवारी मिसेस डॉब्रिक आल्या होत्या. मिस ऑर्थेलियाने त्यांना वाळवणीच्या यंत्रावर बसवलं, दुसरी खुर्ची नव्हतीच. मग म्हणाली, "आमच्या लेखी हरकती जोडल्याशिवाय तुमची फाइल वॉशिंग्टनला जात नाही, बरोबर?"

"बरोबर."

"आणि बँक फाइलसाठी थांबलीय."

"मिसेस गेन्स, तुम्हाला नक्की काय हवंय?"

"इथे एकशे बारा घरं आहेत. प्रत्येकाची हरकत मी स्वतः लिहून घेणार. माझं अक्षर मोठं आहे आणि हात सावकाश चालतो. एप्रिलातल्या इस्टरपर्यंत होईल बहुतेक."

शाँडाला हसू आवरेना, तिने तोंड टॉवेलमध्ये खुपसलं. मिसेस डॉब्रिकही हसल्या, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. बाई वाईट नाही, नियमांची आहे. दोन तास घासाघीस झाली. शेवटी ठरलं ते असं. एक दिवस मोजणी होणार. त्या दिवशी जो घरात राहताना सापडेल त्याचं नाव करारावर चढेल, मागचं काहीही न विचारता, दंड नाही, नोटीस नाही. आणि बंदीच्या यादीतलं नावही काढता येईल, पण एका अटीवर. ज्याच्या सहीने ते नाव घरातून काढलं गेलं, त्यानेच भाडेकरू संघासमोर येऊन सही करायची. तीस नोव्हेंबरच्या आत. त्या दिवशी बँकेचे कागद होतात, मग जुन्या फाइली बंद.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. मग घरी येऊन तशीच आडवी झाले, जेवलेही नाही.

व्हर्नेल

१५ ऑक्टोबर

लॅमर,

काल मोजणी झाली. हे तुला सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही, मग तू वाच नाही तर चुलीत घाल.

पंधरा दिवस मिस ऑर्थेलिया दारोदार फिरत होती. गुडघा धरून जिने चढायची आणि प्रत्येक दारात तेच सांगायची, "शनिवारी लपायचं नाही. शनिवारी दिसायचं. कळलं? दिसायचं!" सगळे हो म्हणायचे. पण दुधाने तोंड पोळलेली माणसं ही, ताक फुंकल्याशिवाय राहतील होय? शनिवारी सकाळी आठला ऑफिसची माणसं कागद लावलेल्या पाट्या आणि पेनं घेऊन फाटकातून आत आली आणि इथे तीस वर्षांची सवय जागी झाली. मागची दारं उघडली. मी स्वयंपाकघरातून बघत होते. एकेक करून पुरुष बाहेर पडत होते. कुणी बूट हातात घेऊन, कुणी दाढीचा साबण खिशात घालून. एकाने तर आपली उशीही उचलून नेली होती, पुरावा नको म्हणून.

नऊ वाजता मागच्या मैदानावर चाळीसेक पुरुष. सगळे नुसते फिरायला आल्यासारखे, हात मागे बांधून, आभाळाकडे बघत. आणि समोर ऑफिसची माणसं घराघरात लिहीत होती, एक बाई, दोन मुलं, एक बाई, एकटी. ज्या दिवसासाठी एवढा झगडा केला, त्याच दिवशी आपली माणसं स्वतःच्या पायांनी आपला हक्क सोडून मैदानात उभी.

आणि त्यांत मिस्टर कर्टिस. डब्यासकट!

मिस ऑर्थेलियाला कुणी सांगितलं कोण जाणे. घरातल्या सपाता, डोक्याला रुमाल, अशीच ती मैदानात आली. मी खिडकी उघडली. तिचा आवाज तुला माहीत आहे.

"कर्टिस बूकर! डब्यात काय आहे?"

"हॅम सँडविच, ऑर्थेलिया."

"कुणी करून दिलं?"

"तू."

"कुठे?"

"आपल्या... तुझ्या घरी."

"आपल्या म्हण! बावीस वर्षं माझ्या उशाशी घोरतोस आणि आज, देव फुकट विचारतोय कुठे राहतोस, तर तू हवा खायला निघालास?" मग ती बाकीच्यांकडे वळली. "तुम्हा सगळ्यांचंच सांगते. पंधरा दिवस माझे गुडघे झिजले ते काय तुमच्या फिरण्यासाठी? लाज वाटायची तेव्हा वाटली नाही, आता कसली वाटतेय? चला, माझ्यामागे. पुढच्या दाराने!"

आणि ती चालायला लागली. तिच्या मागे मिस्टर कर्टिस, त्यांच्या मागे तो उशीवाला, मग सगळे. इमारतीला वळसा घालून, पुढच्या बाजूने, ऑफिसच्या माणसांच्या डोळ्यांदेखत. बायका सज्जात येऊन आधी हसत होत्या, मग कुणी तरी गायला लागलं, मग काही जणी रडायला लागल्या. १०१ च्या दारात ती थांबली आणि पाटीवाल्या पोराला म्हणाली, "लिहा. कर्टिस जेरोम बूकर. वय एक्क्याऐंशी. इथे राहतात. मी अध्यक्ष आहे आणि बावीस वर्षं ऑफिसशी खोटं बोलले. तेही लिहायचं असेल तर लिहा."

त्याने फक्त नाव लिहिलं. त्रेचाळीस माणसं काल करारावर चढली.

लॅमर, मी या बाईचा आठ वर्षं राग केला. काल मला वाटलं, हिच्यासारखी हिंमत माझ्यात चिमूटभर असती तरी पुरली असती.

व्हर्नेल

२९ ऑक्टोबर

लॅमर,

आधी खोटं निस्तरते. बटाट्याच्या सॅलडचं काही नव्हतं. ते सगळ्यांनी दोनदा वाढून घेतलं होतं.

मोजणीनंतर माझ्या कागदावर एकच नाव आहे. एकटीला दोन बेडरूमचं घर मिळत नाही, एक बेडरूमचं मिळेल. आईची खोली जाणार. म्हणून मंगळवारी मी मिस ऑर्थेलियाकडे गेले. आठ वर्षांत पहिल्यांदा तिच्या स्वयंपाकघरात बसले. तिने पीच कॉबलर, फळांचं ते गोड, पुढे ठेवलं, मी खाल्लं नाही. म्हटलं, "मोजणीच्या दिवशी लॅमर बाहेर गेला होता असं लिहू का? तो इथेच राहतो म्हणून? यादीतूनही सुटेल आणि घरही राहील."

तिने चष्मा काढून टेबलावर ठेवला. "व्हर्नेल, माझ्याकडे त्रेचाळीस खरी माणसं आहेत. तुझ्या एका खोट्यापायी त्या त्रेचाळिसांकडेही बोट दाखवतील. नाही."

"मग काय करू?"

"खरा कागद आहे की. तुझी आई एस्थर मला सगळं सांगून गेली होती. तिने जे झाकलं ते तू उघड कधी करणार, हे मी तुला आठ वर्षांपूर्वी विचारलं होतं. तू प्लेट आपटून निघून गेलीस."

ते असं होतं, सॅलड नव्हे.

आता ऐक. अक्षर लागलं नाही तर पुन्हा वाच.

तुला गाडीतळावर त्या नशेच्या पुडीसकट पकडलं तेव्हा तू बावीस वर्षांचा होतास. दोन हजार तीन. ऑफिसने चिठ्ठी पाठवली, मुलाचं नाव काढा आणि बंदीला मान्यता द्या, नाही तर तीस दिवसांत सगळ्यांनी घर सोडा. आई म्हणाली, "काढू देत बाहेर. रस्त्यावर राहीन, पण पोटच्या पोराला माझ्या हाताने खोडणार नाही." तिने ती चिठ्ठी फाडून माझ्यासमोर कचऱ्यात टाकली. आईला तेव्हा आठवड्यातून तीनदा डायलिसिस होतं. शाळेच्या स्वयंपाकघरातल्या माझ्या पगारात आम्हाला कुठे कोण घर देणार होतं? करारावर माझंही नाव होतं आणि एकच सही पुरत होती. मी जेवणाच्या सुट्टीत ऑफिसात गेले आणि सही केली. बारा मिनिटं लागली. परत येऊन दोनशे मुलांना मॅकरोनी वाढली.

दोन वर्षं तू दर रविवारी रस्त्यापलीकडच्या बसथांब्यावर येऊन उभा राहायचास आणि आई खिडकीत बसायची. तुला वाटायचं, ऑफिसने परस्पर केलं. मग तुला कुणी तरी सांगितलं की घरातलीच सही आहे. तू कुंपणाशी येऊन ओरडलास, "कुणी केली? माझं नाव कुणी काढलं?" मी आईच्या मागे, पडद्याआड उभी होते. मी तोंड उघडण्याआधी आई खिडकीतून म्हणाली, "मी केली, बाळा."

मी गप्प बसले. तू तिला काय काय बोललास ते तुला आठवतं, मी लिहीत नाही. तिने सगळं ऐकून घेतलं, खिडकी लावली आणि मला म्हणाली, "माझं काय, मी जाणारच आहे. तुम्हाला एकमेकांशिवाय कोण आहे? त्याला माझा राग परवडेल, तुझा परवडणार नाही." तिचा हिशेब चुकला. आपल्या आईचा आयुष्यात एकदाच हिशेब चुकला, तो माझ्यासाठी. तू तिकडे केंटकीत, लुईव्हिलला निघून गेलास आणि दोघींनाही मुकलास. आईच्या अंत्यविधीला चर्चमध्ये तू मागच्या बाकावर बसला होतास, मी पाहिलं. मग सगळे आपल्या घरी जेवायला आले आणि तू फाटकावरूनच वळलास, कारण आत आला असतास तर पोलीस आले असते. माझ्यामुळे. आईमुळे नाही.

आई तुझ्यावर अखेरपर्यंत जीव टाकत होती. हे मी तुला चार वर्षं ती असताना सांगू शकले असते. सांगितलं नाही. मला माफ कर असं मी लिहिणार नाही, ते फार सोपं आहे. तुझ्या आईला तुझ्याकडून जे ऐकून घ्यावं लागलं, ते माझं होतं. ते मला बोल. तुझ्या मनात येईल तेव्हा, वाट्टेल ते.

यादीतून नाव काढायच्या कागदाची नक्कल तुला टपालाने येईल, तिला जुना कागद जोडलेला असेल, त्यावर माझी सही दिसेल. त्या कागदाआधी हे पत्र पोचावं एवढीच माझी धडपड आहे.

व्हर्नेल

१८ नोव्हेंबर

लॅमर,

गुरुवारी झालं.

धुलाईची खोली, सगळी यंत्रं बंद, माणसं जिन्यापर्यंत. मिसेस डॉब्रिक जुनी फाइल घेऊन आल्या होत्या. मिस ऑर्थेलिया म्हणाली, "बंदीच्या यादीतली नावं काढायची आहेत. ज्यांच्या सहीने गेली त्यांनी पुढे यावं." कुणी हललं नाही. एकसष्ट नावं, आणि सगळेजण आपापल्या चपला बघत होते.

मी उठले. फाइलसमोर जाऊन उभी राहिले. मी म्हटलं, "लॅमर टिब्स. नंबर सतरा. माझा भाऊ. सगळे समजतात आईने त्याला काढलं. आईने कागद फाडला होता. सही मी केली, आणि चौदा वर्षं आईच्या आड लपले."

मागून कुणी तरी म्हणालं, "सख्ख्या भावाला? बाप रे!" मला ते लागलं, पण खोटं काय होतं त्यात?

मिस ऑर्थेलियाने वळूनसुद्धा पाहिलं नाही. ती मला म्हणाली, "का केलीस?" मी सांगितलं, आई, डायलिसिस, तीस दिवस. ती म्हणाली, "भीती वाटली?" मी म्हटलं, "हो." "मग तसं लिही. कारणाच्या रकान्यात तसंच लिही." मी लिहिलं, भीती वाटली म्हणून. खाली सही केली.

पेन ठेवून वळले तर माझ्यामागे शाँडा उभी. टॉवेलवाली शाँडा, दिवसभर हसणारी. तिचा थोरला मुलगा त्या यादीत आहे हे मला माहीत होतं, कसा गेला ते कधी विचारलं नव्हतं. ती म्हणाली, "सरक जरा. माझीही तीच सही आहे." तिच्यामागे २१० मधली म्हातारी. तिच्यामागे ज्यांनी "बाप रे" म्हटलं होतं, ते मिस्टर टॉलिव्हर, स्वतःच्या जावयासाठी. रांग जिन्यातून वर गेली. लॅमर, आम्ही सगळे इतकी वर्षं एकाच जिन्याने चढलो-उतरलो, एकाच खोलीत कपडे धुतले आणि प्रत्येकाला वाटायचं की असं पाप करणारे आपण एकटेच.

त्या संध्याकाळी चोपन्न नावं निघाली. सातांचं सही करणारं कुणी जिवंत उरलं नव्हतं. मिसेस डॉब्रिक म्हणाल्या, नियमात बसत नाही. मिस ऑर्थेलिया म्हणाली, "तुमच्या नियमात मेलेल्यांची सही लागते का? तसं असेल तर मला त्यांच्याकडे जायची घाई नाही, पण वाटेत आहे मी." मिसेस डॉब्रिकनी बराच वेळ फाइल चाळली, मग सातांपुढे स्वतःची सही केली. त्यांचंही मला कौतुक वाटलं. नियमाच्या माणसाला असं करणं जड जातं.

घरी जाताना मिस ऑर्थेलियाने माझ्या दंडाला धरलं, गुडघा दुखत होता म्हणून. जिन्याच्या मध्यावर थांबून म्हणाली, "एस्थर असती तर तुला एक मुस्काटात दिली असती आणि मग जेवायला वाढलं असतं." मी जिन्यात बसून रडले. ती माझ्याशेजारी बसून राहिली. मिस्टर कर्टिस वर येऊन म्हणाले, "काय झालं? पडलात का दोघी?" ती म्हणाली, "तू जा पुढे, भाजी करपेल."

टपरीतली यादी काल काढली. त्या जागी काचेवर नुसता गोंद राहिलाय.

व्हर्नेल

रोडवे मोटेल, खोली ११
२५ फेब्रुवारी २०१८

लॅमर,

डिसेंबरपासून आम्ही वीसेक घरं या मोटेलमध्ये आहोत. मिस ऑर्थेलिया इथेही दर मंगळवारी नाश्त्याच्या खोलीत बसते आणि बांधकामाचे अहवाल वाचते. कुठल्या भिंतीत काय घातलं, सगळं. ठेकेदार तिला वचकून असतो. मला एक बेडरूमचं घर मिळालंय, १०६, एप्रिलमध्ये ताबा. वीस वर्षांच्या करारावर माझं नाव आहे. ते बघून मला, खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं.

काल मिस ऑर्थेलिया कामाच्या जागी गेली होती, नेहमीसारखी डोक्यावर पिवळं हेल्मेट चढवून, नव्या पाइपांवर काठीने टकटक करून बघायला. मुकादमाने तिला सांगितलं, बुधवारी एक माणूस आला होता, उंच, चाळिशीच्या आतला, केंटकीची नंबरपट्टी असलेली गाडी. फाटकातून सरळ आत आला. पहारेकऱ्याने नाव विचारलं, त्याने सांगितलं, पहारेकरी म्हणाला, या. मुकादमाने त्याला हेल्मेट दिलं आणि दुसऱ्या मजल्यावर नेलं. २०४ मध्ये आता काहीच नाही, भिंतीही उघड्या आहेत. रस्त्याकडच्या खोलीत, आईच्या खिडकीजवळ, तो पंधरा-वीस मिनिटं उभा राहिला. मुकादम म्हणाला, "काही बोलला नाही. जाताना मला म्हणाला, काम चांगलं करताय."

तू केल्बर्नला येऊन गेलास आणि माझ्याकडे आला नाहीस. मी त्या वेळी शाळेत होते, बटाटे सोलत, दोन मैलांवर. कळल्यावर मला आधी राग आला, मग रडू आलं, मग वाटलं, बरोबर केलंस. फाटक उघडणं माझ्या हातात होतं. माझं दार वाजवायचं की नाही, ते तुझं तू ठरव. कधी वाजवलंस तर मी काय ऐकून घ्यायला तयार आहे ते तुला लिहिलेलंच आहे.

आत येणाऱ्या प्रत्येकाला तिथे वहीत सही करावी लागते. मिस ऑर्थेलियाने मुकादमाकडून वही मागून घेतली आणि त्या पानाचा फोटो काढून मला आणून दाखवला. नाव, लॅमर टिब्स. वेळ, अकरा वाजून दहा मिनिटं. पुढचा रकाना, कुणाकडे आलात? बाकीच्यांनी लिहिलंय, प्लंबिंग, वायरिंग, बँक. तू लिहिलंयस, 'आईकडे'.

माझं नाव त्यात नाही. नसू दे. चौदा वर्षांनी तू पुढच्या दाराने आईकडे आलास आणि कुणी तुला अडवलं नाही. मला तेवढं पुरेल असं म्हणणार होते. पुरणार नाही. पण ते झालं, लॅमर, आणि ते मी केलेल्या सहीने झालं.

व्हर्नेल